पदक, पाककृती आणि स्वस्त रेडिओ

हुकूमशाही म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बंदूक येते, तुरुंग येतो. हिटलरच्या जर्मनीत हे सगळं होतंच. पण घराघरात हुकूमशाही शिरली ती रेडिओतून आणि स्वयंपाकघरातून. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत, तेही रेडिओवरूनच.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी त्याचा प्रचारमंत्री गोबेल्स यानं 'लोकांचा रेडिओ' बाजारात आणवला. किंमत ७६ मार्क. १९३८ साली त्याहून लहान रेडिओ ३५ मार्कांना मिळू लागला. गरिबाच्या घरी रेडिओ आला, त्यात वाईट काय? वाईट एवढंच, की बोलणारा एकच होता. रेडिओ, वर्तमानपत्रं, सिनेमे, सगळं गोबेल्सच्या मुठीत. माणूस हुशार. नुसती भाषणं लावली तर लोक रेडिओ बंद करतील, हे तो ओळखून होता. म्हणून गाणी आणि करमणूक भरपूर, आणि त्यातच ज्यू लोकांविरुद्धचं विष.

बायकांच्या मासिकातही तेच. पाककृती, शिवणाचे नमुने आणि जोडीला हिटलरची थोरवी. थंडीच्या दिवसांत महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी एकाच भांड्यातलं साधं जेवण करायचं आणि वाचलेले पैसे मदतनिधीला द्यायचे. पैसे गोळा करायला माणसं दारात यायची. गरिबांसाठी मागताहेत म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? आणि म्हटलंच, तर गल्लीभर कळणार.

मग आईपणाचा मान. १९३८ साली आयांसाठी पदक सुरू झालं. चार मुलं असतील तर कांस्य, सहा असतील तर रौप्य, आठ असतील तर सुवर्ण. ज्यू आईनं कितीही मुलं वाढवली तरी तिला नाही. आम्हाला यातलं हेच सगळ्यात भयंकर वाटतं. बाईला वाटायचं आपला सन्मान होतोय, आणि तिकडं पुढची फौज मोजली जात होती.

१ सप्टेंबर १९३९ला युद्ध सुरू झालं. त्याच तारखेच्या हुकमानं परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा ठरलं. ऐकलं तर तुरुंग, ऐकलेलं चारचौघांत सांगितलं तर मृत्युदंडसुद्धा. तशी ताकीद देणारी चिठ्ठी रेडिओच्या बटणाला अडकवलेली असायची. तरी लोक डोक्यावरून पांघरूण घेऊन ऐकत. मॉस्को केंद्रावरून पकडलेल्या जर्मन सैनिकांची नावं वाचली जात. ज्यांचा मुलगा बेपत्ता होता, त्या आया आवाज अगदी बारीक करून, रेडिओला कान लावून, त्या यादीत त्याचं नाव येतं का ते ऐकत बसत.