झाडावरची संत्री आणि जमिनीखालचे मँगनीज

रामटेकजवळ मनसर आणि कांद्री येथे मॉइलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. या पट्ट्यात शंभरहून अधिक वर्षे खनिज निघते आहे. 1962 साली सरकारच्या सहभागातून ही कंपनी उभी राहिली, डिसेंबर 2010 मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. अशा कंपनीच्या ताळेबंदात जमिनीखालचे मँगनीज आजच्या बाजारभावाने दिसत नाही; दिसतो तो खाणपट्टा मिळवण्याचा आणि शोधाचा खर्च. ढिगात पडलेले खनिज उत्पादनखर्च किंवा विकून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांपैकी जे कमी असेल त्या आकड्याने येते. कंपनीने म्युच्युअल फंडात पैसे ठेवले, तर ते त्या दिवशीच्या भावाने, म्हणजे रास्त मूल्याने मांडायचे. एकाच ताळेबंदात ही तीन मापे पाहून अनेकांना गोंधळ वाटतो. मला त्यात शहाणपण दिसते, कारण जो आकडा दुसऱ्याला पडताळता येईल, तोच आजचा भाव म्हणून छापावा.

2016 पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने लागू झालेले इंड एएस 113 हे रास्त मूल्य मोजण्याचे लेखामानक विचारते: सक्तीचा नसलेल्या सौद्यात ही मालमत्ता आज किती रुपयांना जाईल, आणि दायित्व दुसऱ्याकडे सोपवायचे तर त्याला किती द्यावे लागतील? उत्तराच्या तीन पातळ्या आहेत. त्याच वस्तूचा चालू बाजारातला भाव ही पहिली. मिळत्याजुळत्या व्यवहारांवरून काढलेला भाव ही दुसरी. आणि बाजारात न दिसणाऱ्या गृहीतांवर बेतलेला अंदाज ही तिसरी. आपल्याकडचे संत्र्याचेच घ्या. एखाद्या कंपनीची बाग असेल, तर झाडे सहसा खर्चाच्या हिशेबाने राहतात, पण त्यांवर लागलेला आंबिया बहार रास्त मूल्यातून विक्रीखर्च वजा करून मांडायचा असतो. 31 मार्चला ती फळे लहान असतात. पुढे फळगळ किती होईल, प्रत कशी निघेल, तोडणीच्या वेळी नागपूरच्या कळमना बाजारात भाव काय मिळेल, हे सारे तेव्हा गृहीतच धरावे लागते. तो आकडा तिसऱ्या पातळीचा.

यावर रास्त आक्षेप असा, की मग अंदाज कशाला, मूळ खर्चच लिहा. पण फार पूर्वी घेतलेल्या समभागांची खरेदीकिंमत आजच्या भागधारकाला काय सांगणार? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: अंदाज फुगवता येतो. दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झालेली एन्रॉन दीर्घ मुदतीच्या ऊर्जाकरारांवर पुढच्या अनेक वर्षांचा अंदाजी नफा आजच दाखवत असे. डिसेंबर 2001 मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. त्यावरून रास्त मूल्यच मोडीत काढावे, असे मला वाटत नाही. धोका होता तो वाचकाला न तपासता येणाऱ्या गृहीतांचा. आजचे मानक तिसऱ्या पातळीची महत्त्वाची गृहीते आणि ती हलली तर मूल्य कोणत्या दिशेला जाईल, हे सांगायला लावते. पण ही माहिती वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये खोल दडलेली असते. तिसऱ्या पातळीची रक्कम ताळेबंदाच्या पानावरच वेगळ्या ओळीत छापण्याची सक्ती व्हावी, आणि आदल्या वर्षीचा अंदाज प्रत्यक्षात किती चुकला, तेही तिच्याशेजारी यावे, अशी माझी मागणी आहे.