भाकरी दानाची की हक्काची?



पाऊस न पडणे हा निसर्गाचा कोप असेल. परंतु पावसाअभावी माणसे भुकेने मरणे हा राज्यव्यवस्थेचा गुन्हा होय. इथिओपियाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास याची साक्ष देतो.

१९७३ साली त्या देशाच्या वोलो प्रांतात हजारो शेतकरी व पशुपालक अन्नावाचून मेले आणि सम्राट हैले सेलासी यांच्या सरकारने ती वार्ता दडपून ठेवली. पुढे १९८१ साली अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, त्या वर्षी देशाचे एकूण अन्नोत्पादन फारसे घटलेच नव्हते. उलट, वोलोतूनच काही धान्य राजधानीकडे जात होते. पीक बुडालेल्या शेतकऱ्याजवळ ते विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. आणि बाजाराला ऐपत दिसते, भूक दिसत नाही.

१९७४ साली सम्राट पदच्युत झाले. नव्या लष्करी राजवटीने १९७५ साली जमीनदारी नष्ट केली. ते पाऊल स्वागतार्हच होते. परंतु समाजवादाचे नाव घेणाऱ्या याच राजवटीने सप्टेंबर १९८४ मध्ये क्रांतीचा दशकोत्सव थाटामाटात साजरा केला, तेव्हा उत्तरेकडे कोरेमच्या छावणीत माणसे मरत होती. तिग्रे व एरिट्रियातील बंडखोरांच्या मुलखात धान्य पोचू दिले जात नव्हते. सुमारे सहा लाख लोकांना उत्तरेतून दूर दक्षिणेकडे व पश्चिमेकडे हलविण्यात आले, त्यांतील पुष्कळांना बळजबरीने. १९८३ ते १९८५ या काळातील मृत्यूंचे अंदाज चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत आहेत. समाजवादी कार्यकर्त्याने हे सत्य झाकू नये. जेथे जनतेला सरकारला जाब विचारता येत नाही, तेथे लाल झेंड्याखालीही कोठारे भुकेल्यांसाठी उघडत नाहीत.

दात्या राष्ट्रांचे वर्तनही निर्मळ नाही. अमेरिकेच्या कायद्यानुसार तेथील अन्नमदतीचा किमान निम्मा भाग अमेरिकी जहाजांतूनच जावा लागतो. म्हणजे उपाशी माणसाच्या नावावर काढलेल्या पैशातून आधी जहाजमालकाचे भाडे चुकते होते. २०२० मध्ये तिग्रेत युद्ध पेटले तेव्हा मदतीच्या वाटा अडविल्या गेल्या. २०२३ मध्ये धान्याची चोरी उघडकीस आली म्हणून दात्यांनी देशभरची मदत कित्येक महिने थांबविली. चोरी इतरांनी केली, शिक्षा उपाशी माणसांना झाली. २०२५ मध्ये तर अमेरिकी सरकारने ही मदत वाटणारी आपली संस्थाच मोडीत काढली. दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली भाकरी अशीच एका सहीने हिरावली जाते.

मग मार्ग कोणता? २००५ पासून इथिओपियात लक्षावधी कुटुंबांना बांधबंदिस्ती, जलसंधारण अशा कामांच्या मोबदल्यात रोख रक्कम वा धान्य देण्याची योजना चालू झाली. ज्यांच्या अंगी श्रमाची शक्ती नाही त्यांना कामाविना मदत ठेवली गेली. २०१५-१६ च्या भीषण अवर्षणात एक कोटीहून अधिक लोकांना मदतीची गरज होती. या योजनेमुळे आणि वेळेवर खरेदी केलेल्या धान्यामुळे १९८४ ची पुनरावृत्ती टळली. महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात येथील सुमारे पन्नास लाख मजूर दुष्काळी कामांवर होते आणि त्या अनुभवातून, कष्टकऱ्यांच्या रेट्यामुळे, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. मात्र एक फरक मोठा आहे. महाराष्ट्रात मजूर कायद्याचा आधार घेऊन तहसील कचेरीवर मोर्चा नेऊ शकला. इथिओपियाच्या योजनेचा बहुतांश पैसा परदेशी दात्यांकडून येतो आणि दाता हात आखडतो तेव्हा मोर्चा न्यायचा कोठे, हा प्रश्न उरतो.

म्हणून आंतरराष्ट्रीय एकजुटीच्या मागण्या स्पष्ट हव्यात. उपासमार हे युद्धाचे शस्त्र बनविण्याचा निषेध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने २०१८ साली केला. तो कागदावर न राहता गुन्हेगारांना शासन व्हावे. मदतीचे धान्य शक्यतो त्याच खंडातील शेतकऱ्यांकडून घ्यावे. आणि श्रीमंत राष्ट्रांचा वाटा त्यांच्या औदार्यावर न सोडता बंधनकारक करावा. भुकेल्याच्या हाती वाडगा नव्हे, हक्काचा कागद देणे हेच समाजवाद्यांचे काम आहे.