घरातील अदृश्य वायू आणि त्याची वर्दी
(वार्षिक संमेलनातील भाषण)

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतून आता गॅसचा गीझर आला आहे. हिवाळ्यात खिडकी लावून स्नान करण्याची सवय मात्र जुनीच राहिली. ज्वलनास हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. ह्या वायूला ना वास, ना रंग. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या 200 हून अधिक पट घट्ट जडतो. डोके जड झाल्याचे कळते, तोवर दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, हे आमचे पहिले सांगणे. सूचकयंत्र त्यानंतर.

नुसते धुराचे यंत्र ह्या वायूची वर्दी देत नाही. त्यासाठी निराळे यंत्र घ्यावे. दोन्ही निजावयाच्या खोल्यांजवळ असावीत, धुराचे छताला. स्वयंपाकघरात लावल्यास मिरचीच्या फोडणीने ते रोज ओरडेल, आणि कोणीतरी वैतागून त्याची बॅटरीच काढून ठेवील! दरमहा चाचणीची कळ दाबावी. धुराचे यंत्र 10 वर्षांनी बदलावे. ते वाजताच कारण शोधीत न बसता मुलांमाणसांसह बाहेर पडावे. मग 101 क्रमांक फिरवावा.