ब्रेकच्या पूर्वसूचना

मोटार विकत घेताना आपण तिचा वेग विचारतो, इंधनाचा खर्च विचारतो, आतील बैठकीवरून हात फिरवून पाहतो. ती थांबते कशी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. घेतल्यानंतरही, ब्रेक लागतो आहे तोवर त्याची आठवण होत नाही. वस्तुतः ब्रेक क्वचितच एकाएकी दगा देतो. बहुधा तो कित्येक दिवस आधीपासून सूचना देत असतो. त्या सूचना कोणत्या, एवढेच आज सांगावयाचे आहे.

श्रोतेहो, सुरत हे सपाटीवरचे शहर. उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत रोज फिरणाऱ्या मोटारीला चढउतार काय तो उड्डाणपुलांचा. अशा ठिकाणी अर्धा झिजलेला ब्रेकही वर्ष वर्ष काम भागवितो. परंतु येथील असंख्य मराठी कुटुंबांचे मूळ गाव खानदेशात आहे. आखाजीला, दिवाळीला किंवा लग्नसराईत तीच मोटार माणसे व सामान भरून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर मागे टाकते आणि कोंडाईबारीच्या घाटात शिरते. सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलेली मंडळी परतताना सापुताऱ्याचा घाट उतरतात. शहराने झाकून ठेवलेला दोष तेथे उघडा पडतो.

याचे कारण साध्या गणिताने कळते. ब्रेक गतीची शक्ती घर्षणाने उष्णतेत बदलतो. ताशी 72 किलोमीटर वेगाची मोटार एकदा थांबविताना जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्या सुमारे 24 पट शक्ती 500 मीटर उंचीचा उतार उतरताना आवरावी लागते. इंजिनाची मदत न घेतल्यास हा भार जवळजवळ सगळा ब्रेकवर पडतो.

आता सूचनांकडे वळू. पहिली सूचना कानाला मिळते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोनचार वेळा ब्रेक किंचित खरखरला, तर तो डिस्कवर रात्रीतून चढलेला गंज असतो. तो लगेच निघून जातो. मात्र बारीक, किणकिणती शीळ रोजच ऐकू येऊ लागली, तर पॅड संपत आले आहेत असे समजावे. पुष्कळ पॅडना पोलादाची एक पातळ पट्टी मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून ओरडते. त्या आवाजाकडे दुर्लक्ष केले की पुढे धातूवर धातू घासल्याची करकर सुरू होते. मग पॅडबरोबर डिस्कही बदलण्याची पाळी येते. सामान्यतः पॅडची जाडी 3 मिलिमीटरवर आली की तो बदलावा.

दुसरी सूचना पायाला मिळते. पेडल रबरी चेंडूसारखे मऊ लागले, तर नळ्यांत हवा शिरली असावी. इंजिन चालू ठेवून, उभ्या मोटारीत पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर निकामी होत आहे. अशी मोटार रस्त्यावर काढूच नये. पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही. तथापि एकदम जोराने ब्रेक दाबल्यावर पाय हादरला, तर घाबरू नये, ते ए.बी.एस.चे काम आहे. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची आहे.

हातांनाही सूचना मिळते. ब्रेक दाबताच स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, तर दोन्ही चाकांचे ब्रेक सारखे लागत नाहीत. नाकाला जळका वास आला, एखादे चाक इतरांहून फार तापले, तर ब्रेक सुटत नाही, अडकून बसला आहे. आणि डोळ्यांना दिसणारी सूचना म्हणजे समोरचा लाल दिवा. हँडब्रेक सोडूनही तो जळत राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते. ते वरून भरून दिवा विझविणे म्हणजे दुखणे न पाहता ताप उतरविणे होय. पॅड झिजले की गळती आहे, हे आधी पाहावे.

या ब्रेक ऑइलविषयी आणखी एक गोष्ट. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि सुरतेची समुद्राजवळची हवा तर दमट आहेच. डॉट 3 जातीचे नवे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. घाटात ते उकळले की नळ्यांत वाफ होते आणि पेडल तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे. खाडीचे पाणी रस्त्यावर चढल्यावर मोटार त्यातून न्यावी लागलीच, तर बाहेर पडताच हळू चालवीत ब्रेक पुनःपुन्हा हलकेच दाबून सुकवावेत.

घाट उतरताना मात्र चढताना जो गिअर लागतो, तोच ठेवावा. इंजिन बंद करू नये, कारण त्याबरोबर ब्रेकच्या बूस्टरचे बळही जाते. पेडल खाली गेलेच, तर ते भराभर दाबावे, एकेक गिअर उतरवावा आणि हँडब्रेक बेताबेताने ओढावा.

गावी जाण्याचा दिवस ठरतो तेव्हा कपडे, खाऊ, आहेर यांची यादी होते. त्या यादीत, निघण्यापूर्वी आठ दिवस, चारही चाके उघडून ब्रेक तपासण्याची एक ओळ असावी. आदल्या संध्याकाळी केलेल्या तपासणीत दोष सापडला, तरी दुरुस्तीला वेळ उरत नाही. आणि मागच्या बैठकीवर मुले झोपलेली असताना घाटाचा उतार कोणाचीही सबब ऐकून घेत नाही.