कमळ उघडून पाहू या
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



विहारात फूल वाहताना आपण पुष्पपूजेची गाथा म्हणतो. फूल कोमेजते, तसाच हा देहही नाश पावणारा आहे, असा तिचा आशय. पण फुलातले कोमेजते काय आणि उरते काय, हे फूल उघडल्याशिवाय कळत नाही. आपली मुले पुमंग, जायांग हे शब्द घडाघडा म्हणतात, सुबक आकृती काढतात, गुणही मिळवतात. मात्र खरे फूल चिरून पाहिलेले फारच थोडे असतात. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे ये आणि पाहा. हे विज्ञानाच्या तासालाही लागू आहे. म्हणून आज मी हे कमळ आणि एक ब्लेड घेऊन आलो आहे.

आधी एक खुलासा. बाजारात कमळ म्हणून मिळते ते पुष्कळदा कुमुद असते. पालीतही पदुम आणि कुमुद हे शब्द वेगळे आहेत. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते व त्याला देठापर्यंत खाच असते. कमळाचे पान अखंड गोल, देठ त्याच्या मधोमध. खात्रीची खूण मात्र फुलाच्या मध्यावर आहे: झारीच्या तोंडासारखा, भोके असलेला हा शंकू. पालीत याला कण्णिका म्हणतात. सांची आणि भारहूतच्या कारागिरांनी दगडी कमळे कोरताना हा मधला भाग सोडला नाही. आपण भिंतीवर रंगवतो तेव्हा नुसत्या पाकळ्या काढून मोकळे होतो!

आता बाहेरून आत जाऊ. निदलांचे काम कळी झाकण्याचे. जास्वंदीत ती पाच, हिरवी, सहज मोजता येतात. कमळात निदल कोठे संपले आणि पाकळी कोठे सुरू झाली हे सांगणे कठीण. पाकळ्या रंगाने कीटकांना बोलावतात. बी धरणे हे त्यांचे काम नव्हे. त्यांच्या आत पुंकेसरांची दाट झालर. प्रत्येकाच्या परागकोषात पराग, आणि टोकाला पांढरा तुरा.

जायांगात खरी गंमत आहे. जास्वंदीत तळाशी अंडाशय, त्यावर लांब कुक्षीवृंत आणि टोकाला पाच कुक्षी. कमळात प्रत्येक स्त्रीकेसर सुटा, शंकूतल्या आपापल्या खळग्यात बसलेला. वर डोकावते ती फक्त कुक्षी. एका खळग्यात एकच बी. पराग पोहोचला नाही तर तो खळगा पोकळ राहतो.

एकाच फुलात दोन्ही अवयव असूनही कमळ स्वतःचा पराग सहसा स्वतःला लागू देत नाही. पहिल्या दिवशी कुक्षी ओली, तयार असते, पण परागकोष मिटलेले. ते फुटतात तोवर कुक्षी वाळू लागते. बाहेरून पराग आणणाऱ्या भुंग्यांसाठी फूल चक्क ऊब तयार करते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या वनस्पती उद्यानात रॉजर सेमूर व पॉल शुल्ट्झे-मोटेल यांनी हे मोजले आणि 1996 साली प्रसिद्ध केले. हवा 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरली तरी फुलाचे तापमान 30 ते 36 अंशांच्या दरम्यान राहत होते. हवा जितकी गार, तितका फुलाचा श्वसनवेग जास्त!

तीन-चार दिवसांत पाकळ्या आणि पुंकेसर गळतात. गाथेतले कोमेजणे ते हेच. शंकू मात्र वाढत राहतो, तपकिरी होतो, मान टाकतो आणि बिया पाण्यात पडतात. चीनमधील लिआओनिंग प्रांतात एका जुन्या, आटलेल्या तळ्याच्या गाळात अशा बिया मिळाल्या. त्यांतील एक सुमारे 1300 वर्षे जुनी होती, आणि ती रुजली! जेन शेन-मिलर व सहकाऱ्यांनी हे 1995 साली प्रसिद्ध केले.

पालकांना एक विनंती. वाहिलेली फुले दुसऱ्या दिवशी पिशवीत भरून टाकू नका, मुलांना उघडायला द्या. झेंडूचे एक फूल उघडले तर ते एक फूल नसून शेकडो फुलांचा मेळावा आहे, हे त्यांचे त्यांनाच दिसेल.

येथे टेबलावर कमळाच्या बिया ठेवल्या आहेत. काष्ठौषधीच्या दुकानात त्या कमळगट्टा म्हणून मिळतात. (मखाना हे दुसऱ्याच वनस्पतीचे बी, कमळाचे नव्हे.) प्रत्येकाने दोन न्याव्यात. कवच एका बाजूला आतला फिकट भाग दिसेपर्यंत कानशीने घासा, पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. बी चांगले असेल तर आठ-दहा दिवसांत कवच फुटून कोंब बाहेर येईल. तो आतूनच हिरवा असतो.