भिंतीवरचं सांबर आणि गळणारे केस

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा जमाना संपला. शिकारीच्या वस्तू मात्र भिंतींवर तशाच राहिल्या. विदर्भातल्या मालगुजारांच्या वाड्यांत, कोल्हापूर-सावंतवाडीकडच्या जुन्या घरांत अजून वाघाचं कातडं दिसतं, सांबराचं मुंडकं दिसतं. कुणाच्या देवघरात आजोबांचं मृगाजिन असतं. पावसाळा सरला की आम्हा संग्रहालयात काम करणाऱ्यांना हमखास विचारणा होते, "केस झडायला लागलेत हो, थोडं खोबरेल चोळलं तर?"

चोळू नका. कमावलेल्या कातड्याला तेलाने पुन्हा जीव येत नाही. तेल खवट होतं, केसांना चिकटपणा येतो, धूळ त्यावर बसते ती बसतेच. पाण्याने पुसणं, शाम्पू लावणं, उन्हात वाळत घालणं हेही टाळा. उन्हाने वाघाचा तांबूस रंग उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही.

पण हात लावायच्या आधी एक गोष्ट नीट ऐका. या जुन्या कातड्यांत सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, असण्याची दाट शक्यता असते. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेत्झ गावी बेकर नावाच्या एका औषधविक्याने सोमल घातलेला साबण तयार केला. कातड्याला तो आतून चोळला की कीड लागत नसे. पुढे जगभर तीच रीत पडली. म्हैसूरच्या व्हॅन इंजेन यांच्या प्रसिद्ध कार्यशाळेतही सोमल वापरत. आपल्याकडच्या कितीतरी संस्थानिकांचे वाघ तिथूनच घडून आले. 1999 मध्ये ती कार्यशाळा बंद झाली. सोमल शंभर वर्षांनीही उडून जात नाही. कानाच्या मुळाशी किंवा शिवणीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशीच असेल असं धरून चालू नका. हातमोजे घाला, चांगला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. साधा व्हॅक्यूम क्लिनर तर फिरवूच नका, कारण तो बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीत परत सोडतो. मृगाजिनावर रोज बसत असाल, तर त्याऐवजी दुसरं आसन घ्या.

आता केस का गळतात ते पाहू. त्यासाठी गळलेले केस फेकू नका, पांढऱ्या कागदावर घ्या आणि भिंग धरा. केस अखंड असेल, टोकापासून मुळापर्यंत, तर दोष शिकारीच्या दिवसाचा आहे. वैशाखातल्या दुपारी पडलेलं जनावर सोलायला उशीर झाला, मीठ वेळेवर लागलं नाही, की कातड्यातले जिवाणू केसांची मुळं सैल करतात. पोट, जांघा आणि कान आधी बिघडतात. पुढे तुरटी लावून कातडं कमावलं तरी ही सैल झालेली मुळं घट्ट होत नाहीत. अशा जागी ब्रश फिरवला की केस हातात येणार. तिथे हात न लावणं हाच उपाय.

केस मुळाशी कातरल्यासारखे तुटलेले असतील, खाली वाळूसारखी बारीक भुकटी पडली असेल, तर कीड लागली आहे. भुकटीत तपकिरी, केसाळ, पोकळ साली सापडल्या तर त्या कातडं खाणाऱ्या भुंग्याच्या अळीच्या समजा. रेशमी जाळं किंवा चिकटलेल्या बारीक नळ्या दिसल्या तर ती लोकरीला लागते तीच कसर. वाघाच्या कातड्याला कडेने लोकरी बनातीची झालर शिवलेली असते. कसर पुष्कळदा त्या झालरीतून सुरू होते, म्हणून कातडं उलटून बघा. मुंडकं असेल तर नाकपुड्या, ओठांच्या कडा, कानांच्या मागची बाजू आणि भिंतीला टेकलेली फळी पाहा.

कीड दिसली की ती वस्तू जाड प्लास्टिकमध्ये बंद करून घरातल्या लोकरीच्या कपड्यांपासून, गालिच्यांपासून दूर ठेवा. सपाट कातडं असेल तर प्लास्टिकचं दुहेरी वेष्टन घालून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवतात आणि बाहेर काढल्यावर दिवसभर वेष्टन उघडत नाहीत. मात्र हा फ्रीजर अन्नाचा नसावा, हे सोमलाचं ऐकल्यावर वेगळं सांगायला नको. डांबराच्या गोळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. झुरळांचा फवारा थेट केसांवर मारला तर डाग पडतात. कडुनिंबाचा ओला पाला तर कपाटात ओलच नेतो.

तडा ही वेगळी तक्रार. मुंडक्याच्या आत बहुधा कागदाच्या लगद्याचा किंवा प्लास्टरचा साचा असतो. हवा कोरडी झाली की कातडं आक्रसतं, साचा आक्रसत नाही, आणि ओठ, पापण्यांचे कोपरे, मानेची शिवण उकलते. हवेची ओल-कोरड सतत पालटत राहिली तर हे जास्त होतं. म्हणून दिवसा एसी आणि रात्री बंद, अशा खोलीत मुंडकं ठेवू नका. आतल्या भिंतीवर टांगा, मागे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवा. पावसाची झड बसणारी भिंत टाळाच. तडा सुतारी गोंदाने किंवा एपॉक्सीने भरू नका. तो कडक थर कातड्याला पुढे शेजारीच फाडतो. जाणकार संवर्धक जपानी कागद आणि नंतर सोडवता येईल असा गोंद वापरतात.

धूळ काढायची ती मऊ ब्रशने, केसांच्या दिशेने. चितळ-सांबराचे केस आतून पोकळ आणि ठिसूळ असतात, जोर दिला की तुटतात.

आणि कायद्याचं. मालकीचं प्रमाणपत्र असलेली वस्तूही विकता येत नाही. वारशाने आली असेल तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कळवावं लागतं. दुरुस्तीला देण्याआधीही वनखात्याला विचारा, कारण या कामाला परवाना लागतो. ठेवणं जमत नसेल तर कायद्याच्या 2022 मधल्या दुरुस्तीनुसार प्रमाणपत्रासह ती वस्तू शासनाला स्वेच्छेने सोपवता येते. मोबदला मिळत नाही, पण लेखी पोच मागून घ्या. जुनं झालं म्हणून अंगणात मात्र जाळू नका. सोमलाचा धूर विषारी असतो.