मुंबईचं घड्याळ कुणाच्या हातात?



आज मी तुम्हांला कोटातल्या इमारतींची गोष्ट सांगणार आहे. म्हणाल, आमचा जन्म परळ-लालबागच्या चाळींत गेला, त्या राजवाड्यांशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो तुमच्या झोपेशी आहे!

हुतात्मा चौकापासून पाच मिनिटं चाललं की राजाबाई टॉवर लागतो. उंची २८० फूट, दगड कुर्ल्याचा. नकाशा काढला लंडनच्या गिल्बर्ट स्कॉटने, ज्याने मुंबई कधी पाहिलीच नाही. पैसा दिला प्रेमचंद रायचंद यांनी, नाव दिलं आईचं. हा पैसा आला कुठून? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याने पिकवलेला कापूस मुंबईच्या बंदरातून विलायतेला गेला. दलालांच्या तिजोऱ्या भरल्या. लढाई संपली नि १८६५ साली बाजार कोसळला. पण टॉवर उभा राहिला, १८७८ साली पुरा झाला.

टॉवर झाला, घड्याळ बसलं. आता त्यात वाजले किती, हा तंटा सुरू!

मुंबईची वेळ मुंबईच्या सूर्यावर चाले. आगगाडी चाले मद्रासच्या वेळेवर, म्हणजे अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी फर्मान काढलं, की सरकारी कामकाज मद्रासच्या वेळेने चालेल. शहर खवळलं. १८८३ साली विद्यापीठाच्या सिनेटने ठरवलं, आमच्या मनोऱ्यावर मुंबईचीच वेळ राहील. सरकार म्हणालं, मग रात्री घड्याळ उजळायला आमचा पैसा मिळायचा नाही! बघा, एवढा मोठा लाटसाहेब, आणि भांडतो कशावरून, तर दिवाबत्तीवरून. शेवटी फर्मान मागं घ्यावं लागलं.

हा झाला शिकलेल्यांचा तंटा. आता आपला ऐका.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली. अर्जावर साडेपाच हजार सह्या-अंगठे पडले. मागणं काय होतं? रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्य मावळताच बंद. सूर्य मावळताच, बरं का! कारण मालकाचं घड्याळ मालकाच्या खिशात. सूर्य कुणाच्या खिशात मावत नाही.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे येऊ लागले. सूर्य मावळला तरी साचे चालू राहिले. आणि अशात १९०६ च्या जानेवारीत आलं ‘स्टँडर्ड टाइम’. मुंबईच्या वेळेहून ३९ मिनिटं पुढे. कारकुनाला वाटलं, काटा फिरवला, झालं. पण गिरणीत उभा राहणारा माणूस हिशेबाला कच्चा नव्हता. काटा पुढे नेऊन भोंगा ‘त्याच वेळेला’ वाजला, तर पहाटे ३९ मिनिटं आधी उठायचं कुणी? आणि संध्याकाळी तेवढंच आधी सोडतील याची हमी काय? दिवा तर डोक्यावर जळतोच आहे! हजारो कामगार बाहेर पडले, दगडफेक झाली. वर्तमानपत्रांनी त्याला दंगल म्हटलं. मी त्याला हिशेब म्हणतो.

त्याच वर्षी मुंबई महापालिकेनेही ठराव केला, की आमच्या कचेरीत मुंबईचीच वेळ. गंमत अशी, की बोरीबंदर स्टेशन आणि समोरची पालिकेची इमारत, दोन्ही स्टीव्हन्स नावाच्या एकाच माणसाच्या हातच्या. एक १८८८ ची, दुसरी १८९३ ची. रस्ता ओलांडला की ३९ मिनिटांचा फरक! ही दुहेरी वेळ पार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं रेंगाळली.

दिवस किती तासांचा, हे मात्र कुठल्याच मनोऱ्याने ठरवलं नाही. पुरुष कामगाराला बारा तासांची पहिली मर्यादा घातली १९११ च्या कायद्याने. लोखंडे १८९७ मध्येच गेले होते. रविवारची सुट्टी त्यांनी १८९० साली मिळवून दिली होती. राजाबाई टॉवरला दात्याच्या आईचं नाव आहे. पोराबाळांना घेऊन रविवारी तिकडे गेलात, तर घड्याळ दाखवा, आणि आज रविवारी आपण मोकळे कसे, तेही तिथंच उभं राहून सांगा.